जान्सेन : सतरा तासांचे वर्ष आणि लाव्हाचा समुद्र

वाचकहो, या पानावर आपण अनेक गावांची, लेण्यांची, नदीकाठांची प्रवासवर्णने वाचत आलो आहोत. आज आम्ही ज्या जागेविषयी लिहीत आहोत तिथे कोणी गेलेले नाही आणि आपल्या हयातीत कोणी जाणारही नाही. तिथे एस.टी. जात नाही, रेल्वे जात नाही, अंतराळयानही जात नाही. तरी त्या जागेचे वजन, आकार, तापमान, तिथले वर्ष किती तासांचे, हे सारे माणसाने घरबसल्या मोजून काढले आहे. ज्या जागेवर पाऊल ठेवले नाही तिची एवढी माहिती कशी मिळते, ती खरी कशावरून मानायची, हे समजून घेण्यासाठी हा प्रवास.

त्या जागेचे नाव जान्सेन. सूर्यमालेबाहेरचा हा एक ग्रह आहे. शास्त्रज्ञांच्या दप्तरी त्याची नोंद '५५ कॅन्क्री ई' अशी आहे. आपल्या सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह फिरतो हे १९९५ साली मिशेल मेयर व दिदिये केलो या दोन शास्त्रज्ञांनी प्रथम दाखविले. त्याबद्दल त्यांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतरच्या तीस वर्षांत असे सुमारे सहा हजार ग्रह सापडले. त्यांतील अतिशय तापलेल्या ग्रहांपैकी जान्सेन हा एक.

कुठे आहे ही जागा?

कर्क राशीच्या तारकासमूहात. मार्च महिन्यात रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास मोकळ्या जागी उभे राहून वर पाहिले, तर पुनर्वसू नक्षत्राचे दोन ठळक तारे माथ्यावरून जरासे पश्चिमेला सरकलेले दिसतात. हात लांब करून त्यांच्यापासून पूर्वेकडे दीड मूठ अंतर मोजले की त्या भागात एक अगदी मंद तारा आहे. तोच जान्सेनचा सूर्य. मुंबई-पुण्याच्या दिव्यांत तो दिसणार नाही. गावाकडे अमावास्येच्या अंधारात, चांगली नजर असेल तर जेमतेम दिसेल. साधी दोन डोळ्यांची दुर्बीण असेल तर सहज दिसेल.

त्याचे अंतर ४१ प्रकाशवर्षे. म्हणजे सुमारे ३९० लाख कोटी किलोमीटर. एवढ्या शून्यांनी काही बोध होत नाही, म्हणून रेल्वेचा हिशेब करू. ताशी १०० किलोमीटर वेगाने, एकाही स्टेशनावर न थांबता गाडी सोडली, तर तिला पोहोचायला सुमारे ४४ कोटी वर्षे लागतील. सूर्यमालेबाहेर पडलेले व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला १७ किलोमीटर धावते. त्या वेगानेसुद्धा सात लाख वर्षे हवीत. प्रकाशाला मात्र ४१ वर्षे पुरतात. आम्ही पाटी-दप्तर घेऊन शाळेत जायला लागलो त्या सुमारास तिथून निघालेला उजेड आता पृथ्वीवर पोहोचत आहे.

कर्क राशीचे नाव काढले की आपल्याकडे पत्रिका आणि गुण जुळविणे आठवते. त्याच राशीतील या एका ताऱ्याभोवती पाच ग्रह फिरत आहेत. शेकडो वर्षे पत्रिका मांडणाऱ्यांपैकी एकालाही त्यांचा पत्ता नव्हता. पत्ता लागला तो दुर्बिणीला डोळा लावून, रात्र रात्र आकडे लिहून ठेवणाऱ्यांना.

चष्मे घडविणाऱ्याचे नाव

ग्रहाला जान्सेन हे नाव कसे मिळाले ते सांगण्यासारखे आहे. २०१५ साली आंतरराष्ट्रीय खगोल संघाने परक्या ग्रहांना नावे देण्यासाठी जगभरातील लोकांची मते मागविली. त्यातून या ताऱ्याला कोपर्निकसचे नाव मिळाले. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे धर्मसत्तेच्या मताविरुद्ध मांडणारा तो शास्त्रज्ञ. त्याच्या पाच ग्रहांना गॅलिलिओ, ब्राहे, हॅरियट, लिपरहे आणि जान्सेन अशी नावे दिली गेली. यांतील शेवटचे दोघे राजे नव्हते, सरदार नव्हते, विद्यापीठातले पंडितही नव्हते. हॉलंडमधील मिडलबर्ग गावात चष्म्याची भिंगे घासणारे ते कारागीर होते. लिपरहेने १६०८ साली दुर्बिणीच्या हक्कासाठी सरकारकडे अर्ज केला. दुर्बिणीचे श्रेय काही जण जान्सेनला देतात. तो वाद अजून मिटलेला नाही. पण ज्या यंत्राने माणसाने आकाश मोजले, ते यंत्र काच घासणाऱ्या हातांतून आले याविषयी वाद नाही. बातमी ऐकून गॅलिलिओने आपली दुर्बीण केली ती पुढच्या वर्षी, १६०९ साली.

नावांच्या बाबतीत आपल्या देशानेही एक चांगले काम केले. २०१९ साली भारताच्या वाट्याला एक तारा आणि त्याचा एक तापलेला ग्रह आला. तो ग्रह जेमतेम दोन दिवसांत आपल्या ताऱ्याभोवती फेरी मारतो. ताऱ्याला 'बिभा' हे नाव देण्यात आले, विश्वकिरणांवर संशोधन करणाऱ्या बिभा चौधरी यांच्या स्मरणार्थ. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील त्या पहिल्या महिला संशोधक. १९९१ साली त्यांचे निधन झाले तेव्हा देशाला त्यांची फारशी ओळख नव्हती. त्या ग्रहाचे 'संतमस' हे नाव पुण्यातील एका शाळकरी विद्यार्थ्याने सुचविले होते. आपल्या वस्तीतील मुलांनी हे लक्षात ठेवावे. आकाशातील ग्रहाला नाव सुचविण्यासाठी मोठ्या घरी जन्म घ्यावा लागत नाही.

चुकलेला हिशेब आणि त्याची दुरुस्ती

ग्रहाला स्वतःचा उजेड नाही आणि तारा तर झगझगीत. मग ग्रह सापडतो कसा? ताऱ्याच्या ओढीने ग्रह फिरतो, तसा ग्रहाच्या ओढीने ताराही किंचित हलतो. पुढे, मागे, पुढे, मागे. ताऱ्याच्या उजेडाचे रंग वेगळे करून तपासले की हे हलणे पकडता येते. जान्सेनमुळे त्याचा तारा सेकंदाला सुमारे ६ मीटर वेगाने हलतो. हा वेग आपल्या सायकलच्या वेगाइतका आहे. ४१ प्रकाशवर्षांवरचा, सूर्याएवढा गोळा सायकलच्या वेगाने पुढे-मागे होतो, आणि ते इथे बसलेल्या माणसाला कळते!

अशा निरीक्षणांवरून २००४ साली हा ग्रह जाहीर झाला. त्याची एक फेरी २.८ दिवसांची असल्याचे सांगण्यात आले. सहा वर्षे सर्वत्र तोच आकडा छापला गेला. २०१० साली रिबेका डॉसन या विद्यार्थिनीने व डॅनियल फॅब्रिकी यांनी जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या आणि दाखवून दिले की फेरी २.८ दिवसांची नसून सुमारे १७ तास ४० मिनिटांची असावी.

एवढा मोठा फरक पडला कसा? समजा, एक बस गावाभोवती गोल फेऱ्या मारते आणि आम्ही रोज रात्री नऊ वाजताच तिला पाहतो. चोवीस तासांत बसने एक पूर्ण फेरी आणि वर थोडे अंतर कापले. आम्हाला काय दिसेल? काल ती शाळेजवळ होती, आज थोडी पुढे दवाखान्याजवळ आहे. आम्ही म्हणू, बस फार सावकाश चालते. मधली पूर्ण फेरी आमच्या नजरेतून निसटली! तारे रात्रीच पाहता येतात, त्यामुळे खगोलशास्त्रज्ञांचेही असेच झाले. ग्रह दिवसाला १.३६ फेऱ्या मारत होता, नोंदीत मात्र ०.३६ फेरीच दिसत होती.

आता ही दुरुस्ती खरी की जुना आकडा खरा? ते ठरविण्याचा मार्ग सोपा होता. ग्रह जर ताऱ्याच्या समोरून जात असेल, तर दर १७ तास ४० मिनिटांनी ताऱ्याचा उजेड किंचित कमी व्हायला हवा. २०११ साली कॅनडाच्या मोस्ट नावाच्या, सुटकेसएवढ्या छोट्या अवकाश दुर्बिणीने दोन आठवडे या ताऱ्यावर नजर ठेवली. तिचा आरसा अवघा १५ सेंटिमीटरचा, जेवणाच्या ताटापेक्षा लहान. त्याच सुमारास अमेरिकेच्या स्पिट्झर दुर्बिणीनेही पाहिले. उजेड कमी होत होता, आणि तो नव्या हिशेबाप्रमाणेच होत होता.

किती कमी? कारकुनी भाषेत सांगायचे तर लाख रुपयांच्या रोकडीत पस्तीस रुपयांच्या आसपास. जे रोख मोजण्याचे काम करतात त्यांना ठाऊक आहे की लाखात पस्तीस रुपयांची तूट सहज नजरेआड होते. पण तीच तूट दर सतरा तास चाळीस मिनिटांनी येत असेल आणि दर वेळी दीड तास टिकत असेल, तर तिच्यामागे काहीतरी कारण आहे हे मानावेच लागते. त्या तुटीवरूनच ग्रहाचा आकार निघाला. जान्सेनचा व्यास पृथ्वीच्या जवळजवळ १.९ पट आणि वजन आठ पट आहे.

चला, जान्सेनवर

आता मनानेच प्रवास करू. आकडे मोजलेले आहेत. दृश्य मात्र त्या आकड्यांवरून आम्ही रंगविलेले आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

जान्सेन आपल्या ताऱ्यापासून अवघ्या २३ लाख किलोमीटरवर आहे. आपला सूर्य आपल्यापासून १५ कोटी किलोमीटर दूर आहे. आपल्या सूर्यमालेत सर्वांत आत असलेला बुधसुद्धा सूर्यापासून पावणेसहा कोटी किलोमीटरवर राहतो. इतक्या जवळ असल्यामुळे जान्सेनला सेकंदाला सुमारे २२८ किलोमीटर वेगाने पळावे लागते. या वेगाने मुंबईहून नागपूर चार सेकंदांत येईल. या साप्ताहिकाचा एक अंक हातात पडल्यापासून दुसरा पडेपर्यंत तिथे साडेनऊ वर्षे सरतात. पृथ्वीवरचे चाळीस वर्षांचे वय तिथल्या पंचांगाने वीस हजारांच्या घरात जाईल.

ताऱ्याच्या इतक्या जवळ असलेल्या ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहते, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. आपल्या चंद्राचेही तसेच आहे, त्याची पाठ पृथ्वीवरून दिसत नाही. त्यामुळे जान्सेनच्या अर्ध्या भागात कायम दिवस, अर्ध्या भागात कायम रात्र.

प्रथम दिवसाच्या बाजूला उतरू. उतरताच पाय जड होतात. इथे पन्नास किलोचा माणूस काट्यावर एकशे दहा किलोच्या वर भरेल. वर पाहावे तर तारा आकाशात मावत नाही. आपल्या सूर्यापेक्षा साठ पटीहून रुंद, हात लांब करून तीन मुठी लावल्या तरी न झाकणारा. तो उगवत नाही, मावळत नाही, जागचा हलत नाही. पृथ्वीवर पडणाऱ्या उन्हाच्या सुमारे अडीच हजार पट ऊन इथे पडते.

पायाखाली जमीन नाही, समुद्र आहे, पण पाण्याचा नव्हे. खडक वितळून झालेला रस क्षितिजापर्यंत पसरलेला आहे. आपल्यापैकी जे फाउंड्रीत काम करतात त्यांनी भट्टीतून लोखंडाचा रस ओतताना पाहिला आहे. त्याचा चेहऱ्यावर येणारा झोत त्यांना ठाऊक आहे. सोने १०६४ अंशांना वितळते, तांबे १०८५ अंशांना, लोखंड १५३८ अंशांना. स्पिट्झर दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून २०१६ साली शास्त्रज्ञांनी या ग्रहाचा उष्णतेचा नकाशा काढला, तेव्हा सर्वांत तापलेल्या भागाचा आकडा सुमारे २४०० अंश सेल्सिअस निघाला. या समुद्राला काठ नाही आणि काठावर कोणी नाही. लाटा उठत असतील, पण पाण्यासारख्या चपळ नव्हेत. जड, सुस्त, वर काळी साय धरणाऱ्या आणि ती साय फुटली की आतून लालबुंद दिसणाऱ्या. असे आम्ही कल्पितो.

समुद्राची वाफ होते, पण ती खडकाची वाफ. ती वर जाऊन थंड झाली की तिचे ढग बनत असावेत. असे ढग ताऱ्याच्या प्रचंड उजेडात चमचम करीत असतील, म्हणून नासाने या ग्रहाचे एक चित्र प्रवासी कंपनीच्या जाहिरातीसारखे काढले आहे. त्यात चमचमते आकाश आणि खाली लाव्हाचा समुद्र दाखविला आहे. चित्र देखणे आहे. पण अशा ढगातून पाऊस पडलाच तर तो तापलेल्या दगडाच्या थेंबांचा. छत्रीचा तिथे काय उपयोग!

आता दिवसाच्या बाजूकडून रात्रीच्या बाजूकडे चालू लागू. चालता चालता तो अवाढव्य तारा क्षितिजाकडे कलत जातो, अर्धा बुडतो, मग त्याची नुसती कड उरते. हा संध्याकाळचा पट्टा. आपल्याकडे संध्याकाळ तासाभरात सरते. इथे ती एका जागी कायमची थांबलेली आहे. ज्याला संध्याकाळ बदलायची असेल त्याने स्वतःच चालत पुढे जावे.

पलीकडे रात्र. थंडी असेल असे वाटते, पण २०१६च्या त्या नकाशानुसार रात्रीच्या बाजूचेही तापमान सुमारे ११०० अंश होते. विझत आलेल्या भट्टीसारखी जमीन अंधारात तांबडी दिसत असेल. डोक्यावर मात्र तारे. त्यांत एक मोठा गोल, आपल्या पौर्णिमेच्या चंद्राएवढा. तो चंद्र नव्हे, शेजारचा गॅलिलिओ ग्रह आहे. त्याचे वस्तुमान आपल्या गुरूपेक्षा थोडे कमी आहे. आकार गुरूएवढा धरला, तर दोन्ही ग्रह जवळ आले की तो एवढा दिसावा, असा आमचा हिशेब. आणि दूर आकाशात एक मिणमिणता ठिपका, नीट न्याहाळल्याशिवाय न दिसणारा. तो आपला सूर्य. पृथ्वी तर दिसतच नाही. आपली गावे, आपली भांडणे, आपले मोर्चे, लग्ने, शाळा, गिरण्या हे सारे त्या ठिपक्याच्या शेजारी कुठेतरी चालले आहे.

हिऱ्याच्या ग्रहाची बातमी

२०१२ साली वर्तमानपत्रांत एक बातमी झळकली : पृथ्वीपेक्षा मोठा, हिऱ्याचा ग्रह! तो हाच ग्रह. मूळचे भारतीय असलेले शास्त्रज्ञ निक्कू मधुसूदन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक शक्यता मांडली होती. या ताऱ्यात कार्बनचे प्रमाण ऑक्सिजनपेक्षा जास्त असल्याचे त्या वेळचे मोजमाप सांगत होते. तसे असेल तर ग्रहाच्या पोटातही कार्बन भरपूर असेल, आणि प्रचंड दाबाखाली कार्बनचा हिरा होतो. ग्रहाच्या वजनाचा एक तृतीयांश भाग हिरा असू शकेल, असा तो अंदाज होता. शास्त्रज्ञांनी 'असे असेल तर' म्हटले होते. बातम्यांत 'तर' गळाला आणि हिरा तेवढा उरला.

पुढच्याच वर्षी, २०१३ साली, दुसऱ्या शास्त्रज्ञांनी ताऱ्याचा उजेड पुन्हा बारकाईने तपासला. कार्बन ऑक्सिजनपेक्षा जास्त नव्हता, कमीच होता. ज्या खांबावर हिऱ्याचा महाल उभा होता तोच डळमळीत झाला. या फेरतपासणीची बातमी मात्र कोणी पहिल्या पानावर छापली नाही. आजही कित्येक पुस्तकांत आणि मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रांत हा ग्रह हिऱ्याचाच आहे.

आम्हाला इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. हिऱ्याची गोष्ट ऐकायला गोड वाटते म्हणून ती खरी ठरत नाही, आणि मोठ्या माणसाने सांगितली म्हणूनही खरी ठरत नाही. नोंदवही उघडून बेरीज पुन्हा करावी लागते. पैसे दुप्पट करून देणाऱ्यांच्या नादी लागून आपल्या कितीतरी बंधू-भगिनींनी कष्टाची पुंजी घालविली आहे. तिथेही नेमके हेच विचारायचे राहून गेले होते : बेरीज कुणी तपासली?

तिथे हवा आहे काय?

या ग्रहाविषयीचा सर्वांत मोठा प्रश्न हवेचा. इतक्या तापात हवा टिकेल कशी? हायड्रोजनसारखे हलके वायू तर केव्हाच उडून गेले असतील. मग हा नुसता उघडा, वितळलेला खडक आहे काय?

डिसेंबर २०२१ मध्ये जेम्स वेब ही मोठी अवकाश दुर्बीण सोडण्यात आली. तिने वापरलेली युक्ती पगारपत्रकासारखी आहे. समजा, दोघांचा एकत्र पगार आपल्याला ठाऊक आहे, प्रत्येकाचा वेगळा ठाऊक नाही. एक जण बिनपगारी रजेवर गेला आणि एकूण रक्कम जेवढी घटली, तेवढा त्याचा पगार. जान्सेन ताऱ्याच्या मागे गेला की तो रजेवर जातो. तेव्हा एकूण उष्णता जेवढी घटते तेवढी त्याची. या मोजमापातून दिवसाच्या बाजूचे तापमान सुमारे १५४० अंश सेल्सिअस निघाले. उघडा खडक असता तर ते २२०० अंशांच्या आसपास हवे होते. म्हणजे उष्णता कुठेतरी वाहून नेली जात आहे, आणि ती वाहून नेण्यास हवा लागते. उष्णतेचे वेगवेगळे पदर तपासले तेव्हा कार्बन डायऑक्साइड किंवा कार्बन मोनॉक्साइड यांच्या खुणाही दिसल्या. रेन्यू हू व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २०२४च्या मे महिन्यात 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. लाव्हाच्या समुद्रातून वायू सतत बाहेर पडत असावेत, एकीकडे हवा उडून जाते आणि दुसरीकडे समुद्र ती भरून काढतो, असा त्यांचा तर्क आहे.

पण प्रकरण इथे संपलेले नाही. त्याच दुर्बिणीच्या इतर निरीक्षणांत दर वेळी निराळा आकडा आला. खडकाचे ढग जमत आणि विरत असावेत म्हणून असे होते काय, याचा तपास चालू आहे. शास्त्रज्ञांनी हा बदलता आकडा दडपला नाही, तोही छापला. शास्त्राची खरी ताकद आम्हाला यात दिसते.

आपल्या पायाखालचा लाव्हा

आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत हे सांगत असताना सातवीतल्या एका मुलाने विचारले, "काका, तिथं कोणीच राहू शकत नाही, तर मग एवढा खर्च करून बघायचं कशाला?" प्रश्न रास्त आहे. कष्टकऱ्यांच्या मुलाने खर्चाचा प्रश्न विचारायलाच हवा.

त्याला आम्ही म्हटले, "बाळा, तुझ्या शाळेच्या पायरीचा काळा दगड पाहिलास ना? तोही एकेकाळी असाच वाहत होता." महाराष्ट्राचा बहुतेक भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून उसळलेल्या लाव्हाच्या थरांनी बनला आहे. सह्याद्रीचे कडे म्हणजे थिजलेला लाव्हा. आपण सहलीला जातो ती अजिंठ्याची, कार्ले-भाज्याची, नाशिकची लेणी ज्या कातळात कोरली आहेत तो कातळही तोच. आपले काळे शेत त्याच दगडाच्या भुग्याचे.

आणि त्याच्याही आधी, सुमारे साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी, अख्खी पृथ्वीच वितळलेल्या खडकाने झाकलेली होती, असे शास्त्रज्ञ मानतात. पुढे ती निवाली, वर हवा जमली, पाऊस पडला, समुद्र भरले आणि जीव जन्मले. लाव्हाच्या समुद्रातून हवा कशी बाहेर पडते, हे पृथ्वीवर आता पाहता येत नाही. पृथ्वी ती अवस्था केव्हाच मागे टाकून आली आहे. जान्सेनवर ते आज घडत असावे. आपल्या घराचा पाया कसा भरला गेला हे दुसऱ्या एका घराच्या बांधकामावरून पाहावे, तसे हे आहे.

तो मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने विचारले, "मग पृथ्वी थंड झाली आणि तो का नाही झाला?" सूर्यापासूनचे आपले अंतर, एवढेच उत्तर आम्ही दिले. जान्सेन चुलीत बसला आहे, आपण चुलीपासून योग्य अंतरावर बसलो आहोत. इथे दिवस मावळतो. दमलेल्या माणसाला रात्र मिळते. पाणी पाण्याच्या रूपात राहते. सहा हजार ग्रह तपासूनही जिथे माणूस उघड्यावर श्वास घेऊ शकेल अशी दुसरी जागा सापडलेली नाही. ही एवढीच जागा आहे, ती नासू न देणे आपल्या हातात आहे.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. २००३ साली क्रिमियातील येवपातोरिया येथील ७० मीटर रुंदीच्या रेडिओ तबकडीवरून काही निवडक ताऱ्यांकडे माणसाचा संदेश पाठविण्यात आला. त्यांत हा ताराही होता. तो संदेश अजून वाटेत आहे आणि २०४४ साली तिथे पोहोचेल. जान्सेनवर तो घ्यायला कोणी असण्याची शक्यता नाही. पण आज अभ्यासिकेत बसणारी मुले तेव्हा तिशी-पस्तिशीत असतील. त्यांतील एखादी मुलगी तोपर्यंत या ग्रहाचा आजचा आकडा खोडून नवा, अधिक बरोबर आकडा लिहील, अशी आशा आम्ही बाळगतो.

त्यासाठी पालकांनी फार काही करायचे नाही. येत्या मार्चमध्ये गावी जाणे झाले, तर एका रात्री मुलांना घेऊन अंगणात वा गच्चीवर जावे. पुनर्वसूचे दोन तारे दाखवावेत, तिथून दीड मूठ पूर्वेकडे मोजायला लावावी. आणि मुलाने "हे कशावरून?" असे विचारले, तर त्याला गप्प बसवू नये.